अंधाऱ्या खोलींतील बाटल्या

फिल्म व कागद घरींच धुण्याचा छंद असला कीं न्हाणीघराचीच रात्रीपुरती अंधारी खोली होते. तेथें लाल दिव्याच्या उजेडांत पाणी, हायपो व अ‍ॅसेटिक आम्ल हीं तिन्हीं सारखींच दिसतात. धोका येथेंच आहे. म्हणून सरबताच्या रिकाम्या बाटलींत रसायन कधींही भरूं नये. तहानलेलें मूल ती सहज तोंडाला लावील. डेव्हलपर तपकिरी बाटलींत काठोकाठ भरून बूच घट्ट लावावें. हवेनें तो काळवंडून निकामी होतो. प्रत्येक बाटलीवर नांव व तारीख लिहावी. मेटॉलनें कित्येकांच्या त्वचेस खाज सुटते, यास्तव चिमटे वापरावे. तीव्र आम्ल पाण्यांत ओतावें, आम्लांत पाणी ओतूं नये. काम संपतांच कपाटास कुलूप घालून किल्ली जपून ठेवावी.