पाकिटावरचं इंग्रजी

हात कामात असतील तर असू द्या, कान इकडे असले की झालं. जमलं तर दुकानातून आणलेलं एखादं पाकीट जवळ घेऊन बसा, मसाल्याचं, पोह्यांचं, बिस्किटाचं, कसलंही. गटाचं स्वतःचं पाकीट असेल तर तेही घ्या. आता पाकीट उलटं करा. आज आम्ही या मागच्या बाजूबद्दल बोलणार आहोत, तिथं बारीक अक्षरात जे इंग्रजी छापलेलं असतं त्याबद्दल.

कुणी म्हणेल, माल आपला, गिऱ्हाईक आपलं, मग इंग्रजी हवंच कशाला? मालाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरात छापा, जरूर छापा. पण वजन, किंमत, तारीख, पत्ता, आत काय काय घातलं आहे, ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे वजनमाप नियम असं सांगतात आणि अन्नसुरक्षेचे २०२० चे लेबलाचे नियमही तेच सांगतात. मराठी वरून देता येते, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांनी हिंदीचा रस्ता खुशाल धरावा. तरी बहुतेक गट इंग्रजीच घेतात, कारण डीटीपीवाल्याकडे तोच साचा तयार असतो. आणि माल मुंबईला महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गेला की पाकीट हातात घेणारी बाई आधी मागची बाजू वाचते. आपण तिथं समजावून सांगायला असलो तर ठीक. पाकीट तिच्या घरी गेल्यावर मात्र ते छापलेलं इंग्रजीच आपल्या वतीनं बोलतं.

इंग्रजीत चुका होतात त्या आपण अडाणी आहोत म्हणून नाही. आपल्या घरात जुन्या माणसांनी तर्खडकरांची पाठमाला गिरवली, आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाचवीत एबीसीडी धरली, आणि २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे लेकी-सुना पहिलीपासून शिकलेल्या. चुका तिन्ही पिढ्यांच्या होतात आणि त्याच त्याच होतात. कारण आपली लिपी कानाला ऐकू येतं तसं लिहिते, इंग्रजी तसं लिहीत नाही. शिवाय इंग्रजीतले दोन वेगळे शब्द आपण देवनागरीत एकाच मापात बसवतो. परीक्षाही 'टेस्ट' आणि चवही 'टेस्ट'. कागदही 'पेपर' आणि मिरीही 'पेपर'. मराठीत बोलताना काही अडत नाही. तेच इंग्रजीत लिहायला बसलं की दोनातला कोणता, हा घोळ होतो.

पिठापासून सुरुवात करू. ज्वारीचं पीठ, बेसन, उपवासाची भाजणी, सगळ्यांवर 'फ्लॉवर' छापलेलं बाजारात दिसतं. एफ, एल, ओ, डब्ल्यू, ई, आर म्हणजे फूल. आणि आपल्याकडे फ्लॉवर म्हणजे तर भाजी! ज्वारीचा फ्लॉवर कुठल्या वाफ्यात लागतो कोण जाणे. पिठाचं स्पेलिंग एफ, एल, ओ, यू, आर. गंमत अशी की इंग्रजीत हे दोन शब्द पूर्वी एकच होते. दळलेल्या गव्हाचा सगळ्यात बारीक, चांगला भाग म्हणजे गव्हाचं फूल, अशी ती कल्पना. पुढं स्पेलिंग वेगळं झालं, उच्चार मात्र सारखाच राहिला. तेव्हा कानावर विसंबू नका, अक्षरं मोजा. पिठाला पाच, फुलाला सहा.

मिरची पावडरवर 'चिली'च्या शेवटी वाय छापलेला सर्रास दिसतो, मोठ्या शहरातल्या मालावरही. वाय लावला की अर्थ होतो थंडगार. मिरचीला शेवटी आय: सी, एच, आय, दोनदा एल, आय. मिरीचं स्पेलिंग पी, ई, दोनदा पी, ई, आर. मधला एक पी गेला आणि ईचा ए झाला की मिरीचा कागद होतो. चवीचा 'टेस्ट' टी, ए, एस, टी, ई. परीक्षेच्या 'टेस्ट'मध्ये ए नाही.

गोड लिंबाच्या लोणच्यावर 'स्वीट' लिहिताना दोन ई हवेत. दुसऱ्या ईच्या जागी ए आला तर तो शब्द होतो घाम. घामाचं लोणचं कोण घेईल? शुद्ध तुपाचंही तसंच. शुद्ध म्हणजे पी, यू, आर, ई. पी, दोन ओ, आर लिहिलंत तर तूप गरीब होतं, निकृष्ट होतं. वजनाचा 'वेट' डब्ल्यू, ई, आय, जी, एच, टी. ए आणि आय घालून लिहिलेला 'वेट' म्हणजे थांबा, आणि नुसता डब्ल्यू, ई, टी म्हणजे ओलं. पापडाच्या पाकिटावर ओलं कशाला लिहायचं! वजनाच्या आकड्यापुढं ग्रॅमचं चिन्ह नुसता एक लहान जी असतो. त्याला एम नको, एस नको, टिंबही नको.

इथपर्यंतच्या चुका वाचून लोक हसतील, फार तर एखादं गिऱ्हाईक कमी होईल. पुढच्या चुकांचं तसं नाही. त्यांनी खाणाऱ्याला त्रास होऊ शकतो, म्हणून तिथं जरा थांबू.

आपला जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीनच्या वड्या, सोया पीठ, सोया मिसळलेली भाजणी असा माल गटांकडून निघतो. काही माणसांना सोयाबीन, शेंगदाणा, गहू, दूध असे पदार्थ बाधतात. साधं खाजवण्यापासून ते घसा सुजून श्वास अडकण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. म्हणून हे पदार्थ मालात असतील तर पाकिटावर तसं वेगळं सांगावं, असा नियम आहे. त्यासाठी इंग्रजीत दोन वाक्यं आहेत. एक 'कंटेन्स सोया', म्हणजे यात सोया आहे. दुसरं 'मे कंटेन सोया', म्हणजे यात सोयाचा अंश आलेला असू शकतो. सोयाबीनच्या वडीवर 'मे' लिहिणं म्हणजे असलेली वस्तू असेल-नसेल म्हणून सांगणं. तिथं 'कंटेन्स'च हवं. 'मे' कधी लिहायचं? जवसाची चटणी ज्या मिक्सरमध्ये वाटली त्यातच आधी शेंगदाण्याची वाटली होती, किंवा एकाच चक्कीवर दोन्ही दळलं. मिक्सर कितीही पुसला तरी अंश राहतो. अशा वेळी जवसाच्या चटणीवर 'मे कंटेन पीनट्स' लिहावं.

याच वाक्यात ती जुनी व्याकरणाची अडचण आहे, शेवटी एस कधी लावायचा आणि कधी नाही. मराठीत वस्तू एक असली तर 'आहे', पुष्कळ असल्या तर 'आहेत'. नावालाही अनेकवचन आणि क्रियापदालाही. इंग्रजीत जरा उलटं आहे. पाकीट एक असलं तर एस क्रियापदाला लागतो: 'धिस पॅक कंटेन्स'. पापड पुष्कळ असले तर एस पापडाला लागतो आणि क्रियापद मोकळं राहतं: 'दीज पापड्स कंटेन'. आणि 'मे' आला की एक असो की शंभर, क्रियापदाला एस नाहीच. एवढं लक्षात राहिलं तर लेबलापुरतं काम निभतं. 'कंटेंट' हा मात्र तिसराच शब्द, त्याचा अर्थ आतला माल. 'कंटेंट सोया' लिहून वाक्य होत नाही.

दुसरी जागा साखरेची. गुळाच्या लाडवावर 'शुगर फ्री' छापलेलं आम्ही पुष्कळदा वाचतो. आपल्या बोलण्यात फ्री म्हणजे फुकट, पण इथं त्याचा अर्थ 'विना'. म्हणजे साखर नसलेला लाडू. पण गूळ तरी काय आहे? साखरेचाच भाऊ. रक्तातली साखर गुळानंही वाढते. शिवाय 'शुगर फ्री' म्हणायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही, असा नियम आहे. गुळाचा लाडू त्यात बसणं शक्यच नाही. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातलेली नाही, तेही गुळाला चालत नाही. मधुमेह असलेला माणूस हे दोन शब्द वाचून दोनाच्या जागी चार लाडू खातो, आणि त्याला ते खायला आपलं पाकीट सांगतं. मग काय लिहायचं? जे खरं आहे तेच: 'मेड विथ जॅगरी', गुळाचे. जॅगरीचं स्पेलिंग जे, ए, दोनदा जी, ई, आर, वाय. शहरात गुळाला मागणी आहेच, खोटं लिहायची गरजच नाही.

तिसरी जागा तारखेची. 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' हे एकाच अर्थाचे समजून एकाच्या जागी दुसरा टाकला जातो. 'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत चव, खुसखुशीतपणा उत्तम राहील. त्यानंतर माल लगेच वाईट होतो असं नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' म्हणजे या तारखेनंतर खाऊच नका. आताच्या नियमात 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय'ची तारीख सक्तीची आहे, 'बेस्ट बिफोर' वाटलं तर जोडीला द्यायचं. यातला 'बाय' बी, वाय असा दोनच अक्षरांचा. मध्ये यू घातला की अर्थ होतो विकत घ्या.

हाच दोन अक्षरांचा 'बाय' पत्त्याच्या वरही येतो. तिथं 'मॅन्युफॅक्चर्ड बाय', 'पॅक्ड बाय' असं हवं. शेवटी ई, डी पाहिजेच. आपण मराठीत 'बनवलेलं', 'भरलेलं' म्हणतो, त्यातल्या 'लेलं'चं काम इंग्रजीत हे ई, डी करतात. 'पॅक बाय' म्हणजे नुसतं 'भर'. रोस्टेड, ड्राइड, अ‍ॅडेड, सगळीकडे हेच. भाजलेले, वाळवलेले, घातलेले. मनातल्या मनात मराठी शब्द म्हणून पाहा. 'लेलं' आलं की ई, डी आठवतात.

आता पत्ता. ही चूक इंग्रजीची कमी आणि सवयीची जास्त. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तरी जुन्या कागदावरून उतरवलेल्या पत्त्यात अजून 'जिल्हा अकोला' सापडतो. नुसतं मालेगाव लिहिलं तर पार्सल नाशिककडच्या मालेगावला जाईल, ते मोठं शहर आहे. नुसतं कारंजा लिहिलं तर वर्धा जिल्ह्यातही कारंजा आहे, घाडग्यांचं. आपलं कारंजा लाड. तेव्हा तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्ही हवेत. वाशीमची सुरुवात डब्ल्यूनं. इंग्रजांच्या काळच्या कागदांत त्याच गावाला बीनं सुरू होणारं 'बासिम' लिहीत, ते आता विसरा. मंगरूळपीर एका शब्दात लिहा किंवा तोडून लिहा, पण सरकारी नोंदणीच्या कागदावर जसं आहे अगदी तसं. गटाच्या नावाचंही तेच. बँकेच्या पासबुकात एक स्पेलिंग, अन्न परवान्यावर दुसरं आणि पाकिटावर तिसरं असलं की हा माल त्याच गटाचा आहे हे पटवून देण्यात दिवस जातात.

काही चुकांचा आम्ही तरी बाऊ करत नाही. 'ए' कुठं आणि 'द' कुठं, यावर डोकं शिणवू नका. मराठीत हे शब्दच नाहीत, म्हणून आपल्याला ते सहज येत नाहीत. 'स्टोअर इन कूल, ड्राय प्लेस' यात कूलच्या आधी 'ए' नसला तरी डबा थंड, कोरड्या जागीच जाईल. आणि आपल्या पदार्थांची नावं इंग्रजीत ओढूनताणून बसवू नका. कुरडई ती कुरडई, सरगुंडे ते सरगुंडे, ठेचा तो ठेचा. इंग्रजी अक्षरांत तेच नाव लिहा आणि पुढं दोन-तीन शब्दांत ते काय आहे ते सांगा: गव्हाच्या चिकाची वाळवण, हिरव्या मिरचीची चटणी. फक्त एकदा ठरवलेलं स्पेलिंग सगळ्या पाकिटांवर सारखं ठेवा.

राहिला छपाईचा भाग. बऱ्याच जणी म्हणतात, आम्ही मोबाईलमध्ये तपासून घेतो. मोबाईल चुकीचं स्पेलिंग पकडतो, चुकीचा शब्द पकडेलच असं नाही. फूल, घाम, थंडगार, गरीब, हे सगळे इंग्रजीत बरोबरच शब्द आहेत, त्यांच्याखाली लाल रेघ येत नाही. म्हणून छापण्याआधी डीटीपीवाल्याकडून कागदावर प्रूफ मागा. तो म्हणेल, ताई, साचा नेहमीचाच आहे. तरी मागा. साचा दुसऱ्या कुणाच्या मालाचा असतो, त्यात त्यांचं वजन, त्यांचा परवाना क्रमांक, कधी त्यांचाच पत्ताही राहून जातो. परवान्याचा आकडा चौदा अंकी असतो, बोट ठेवून मोजा. मग दोघी जणी बसा. एकीच्या हातात आपण लिहून दिलेला कागद, दुसरीच्या हातात प्रूफ. पहिलीनं शब्द न वाचता एकेक अक्षर म्हणायचं, दुसरीनं बोट पुढं सरकवायचं. शब्द वाचला की डोळे चूक आपोआप दुरुस्त करून घेतात, अक्षरं म्हटली की तसं होत नाही. अक्षरओळख असलेली कुठलीही बाई हे करू शकते, अर्थ कळायची गरज नाही. नंतर शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला बोलवा आणि प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगायला लावा. तिला जिथं अडेल किंवा हसू येईल तिथं पेन्सिलीनं खूण करा. आणि पहिल्या खेपेला हजार स्टिकर छापू नका, पन्नास छापा.