डोळा पुढे की हाड मागे?

किहीमच्या किनाऱ्यावर वारा सुटला की डोळे सगळ्यांचेच चुरचुरतात. पण ज्यांचे डोळे पुढे आलेले आहेत, त्यांच्या पापण्या अनेकदा नीट मिटत नाहीत आणि त्रास घरी आल्यावरही थांबत नाही. त्यांनी आधी थायरॉईडची रक्ततपासणी करावी. ग्रेव्ह्ज या थायरॉईडच्या आजारात डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजू शकते, मग डोळा पुढे ढकलला जातो. सिगारेटने हे आणखी चिघळतं.

सूज असेपर्यंत औषधं. आजार साधारण सहा महिने स्थिर राहिला, की डोळ्याच्या खोबणीच्या हाडाची भिंत किंवा आतली चरबी थोडी काढून जागा करतात. डोळा काही मिलिमीटर मागे बसतो. नंतर एकाचे दोन दिसू शकतात, त्याबद्दल आधीच विचारून घ्यावं. तिरळेपणाची शस्त्रक्रिया त्यानंतर, पापण्यांची सगळ्यात शेवटी. रंग फिके दिसू लागले किंवा नजर मंदावली, तर मात्र त्याच दिवशी अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठा.

काहींचा डोळा जागेवरच असतो, डोळ्याखालचं हाड मागे असतं. अशांच्या डोळ्याखालची नुसती चरबी कापली, तर पापणी ओघळू शकते. त्यांना हाडाच्या कडेवर इम्प्लांट, स्वतःच्याच पोटावरची चरबी भरणं किंवा पापणीला कोपऱ्यातून आधार देणं, हे पर्याय. इंजेक्शनने भरायचं फिलर सोपं वाटतं. पण ते रक्तवाहिनीत शिरलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये ते टोचून घेऊ नका.