मातीवांचून एक रोप



शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाट्याला आज अंगण येत नाहीं. एखादी खिडकी, फार तर हातभर रुंदीची गॅलरी, एवढीच काय ती त्यांची जमीन. तरीहि घरांत एखादें हिरवें रोप असावें, ही हौस कांहीं मावळत नाहीं. अशा घरांसाठीं मातीवांचून, पाण्यांत विरघळलेल्या अन्नद्रव्यांवर एकच रोप वाढविण्याची एक साधी रीत आज मी आपणांपुढें मांडणार आहे. या विद्येस हायड्रोपॉनिक्स असें म्हणतात.

वनस्पतीचें अन्न माती कीं पाणी, हा वाद जुना आहे. व्हान हेल्माँट या फ्लेमिश पंडितानें २०० पौंड कोरड्या मातींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लावलें आणि ५ वर्षें त्याला केवळ पाणी घातलें. अखेरीस झाड सुमारें १६९ पौंड भरलें. माती मात्र अवघी दोन औंस कमी झाली. झाड पाण्याचेंच बनतें, असें त्यानें ठरविलें. त्याच्या पश्चात् १६४८ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढें १६९९ मध्यें इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याच्या जातीचीं रोपें पावसाच्या, झऱ्याच्या, थेम्स नदीच्या आणि बागेंतील माती कालविलेल्या पाण्यांत वाढवून पाहिलीं. माती कालविलेल्या पाण्यांत वाढ सर्वांत अधिक झाली. म्हणजे हेल्माँटचे ते दोन औंस क्षुल्लक नव्हते! झाडाच्या देहाचा मोठा भाग हवेंतील कर्बवायूपासून घडतो, हें मात्र त्या दोघांसहि ठाऊक नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांत १८६० च्या सुमारास ज्यूलियस सॅक्स आणि विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनीं ठराविक क्षार पाण्यांत विरघळवून त्यावर रोपें वाढवून दाखविलीं. येथें क्षार म्हणजे जेवणांतील मीठ नव्हे; नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह इत्यादि द्रव्यें ज्यांतून मिळतात ते पदार्थ. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील गेरिक यानें १९२९ पासून ही प्रयोगशाळेंतील रीत पिकांच्या कामीं आणली, आणि हायड्रोपॉनिक्स हें नांव १९३७ मध्यें छापून प्रसिद्ध केलें.

तर मग माती रोपासाठीं करते तरी काय? ती त्याला उभें धरते, पाणी देते, अन्न देते. या तीन गोष्टी कोणासहि सुचतील. चौथी सहसा सुचत नाहीं: माती मुळांना हवा देते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा खेळत असते आणि मुळें तिच्यांतील प्राणवायूवर जगतात. पाण्यांत लावलेलें रोप दगावतें तें बहुधा उपासमारीनें नव्हे, तर मुळें गुदमरल्यामुळें. आणि बरणी रोज मायेनें कांठोकांठ भरणाऱ्याच्या घरींच हें अधिक घडतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आरंभास वुडवर्डचाच पुदिना घ्यावा. बाजारांतून आणलेल्या जुडींतील चार-पांच इंच लांबीची एक ताजी, सरळ काडी निवडावी. खालचीं पानें खुडून ती साध्या पाण्यांत ठेवावी. आठदहा दिवसांत पांढरीं मुळें फुटतात.

मग दीड-दोन लिटरची, रुंद तोंडाची व झांकणाची बरणी घ्यावी. प्लॅस्टिकचें झांकण असल्यास त्यास भोंक पाडणें सोपें जातें. भोंकांत स्पंजाच्या तुकड्यानें काडी अलगद बसवावी. बरणीस बाहेरून काळा कागद गुंडाळावा, कारण उजेड व अन्न एकत्र आलें कीं शेवाळ माजतें. पाण्याची पातळी दिसावी म्हणून कागदास एक अरुंद उभी फट ठेवावी आणि एरवीं ती पट्टीनें झांकावी.

अन्नासाठीं या कामाकरितांच मिळणारें, दोन बाटल्यांतील तयार द्रावण घेणें बरें. बाटल्या दोन असण्यास कारण आहे. कॅल्शियम एका बाटलींत असतें, सल्फेट व फॉस्फेट दुसरींत. हीं घट्ट स्वरूपांत एकत्र आलीं कीं पांढरा साका बसतो आणि मुळांना तें अन्न मिळत नाहीं. म्हणून आधीं बरणींतील पाण्यांत एक औषधासारखी मोजून घालावी, ढवळावी, मग दुसरी. प्रमाण प्रथम वेष्टनावर लिहिलेल्याच्या निम्मेंच ठेवावें. शेणखत, पेंड अथवा युरिया येथें चालत नाहीं. मातींतील सूक्ष्म जंतु त्यांचें झाडाजोगें अन्न करतात. बरणींत तो कारखाना नसतो. सेंद्रिय खत तेथें नुसतें कुजतें.

आतां कळीची गोष्ट. प्रथम मुळांचा बहुतेक भाग बुडेल एवढेंच पाणी ठेवावें. रोप पाणी पिऊं लागलें कीं पातळी उतरते आणि वरचीं मुळें दमट हवेंत उघडीं पडतात. त्यांवर बारीक लव येते. हींच रोपाचीं श्वास घेणारीं मुळें. पंपावांचून चालणारी ही रीत हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नांवानें ओळखली जाते. पुन्हां पाणी घालावयाचें तें बरणीच्या निम्म्यापर्यंतच. उघड्या हवेची सवय लागलेलीं मुळें बुडविलीं तर रोप माना टाकतें. दर तीन आठवड्यांनीं द्रावण बदलावें. जुनें एखाद्या कुंडीस घालावें.

पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु घटतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम असलेला प्राणवायु ३० अंशांस साडेसातांवर येतो. म्हणून बरणीस सकाळचें कोंवळें ऊन द्यावें आणि वैशाखांतील दुपारच्या उन्हापासून ती जपावी.

आणखी एक सावधगिरी घरांतील माणसांसाठीं. डेंग्यू पसरविणारा डास घरांतील स्वच्छ, सांचलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि आठदहा दिवसांत त्यांतून नवे डास उडूं लागतात. मनीप्लँटच्या उघड्या बाटल्या याच कारणानें धोक्याच्या ठरतात. तेव्हां झांकण घट्ट असावें, भोंकाभोंवतीं फट राहूं नये, आणि आठवड्यांतून एकदां आंत नजर टाकावी.

त्या वेळीं मुळेंहि पाहून घ्यावीं. पांढरीं व टवटवीत असलीं तर सर्व ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि दुर्गंधी येणारीं असलीं तर हवा कमी पडली असें समजावें. जुनीं पानें पिवळीं पडलीं तर बहुधा नत्राची उणीव. कोंवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर लोहाची.

या एका बरणीनें घरचा भाजीचा खर्च भागणार नाहीं. आठवड्यास चटणीपुरता पुदिना मिळाला तरी पुष्कळ. परंतु जमिनींत जें नेहमीं दृष्टीआड घडतें, तें येथें मुलांना कांचेंतून दिसतें. बरणी पूर्ण कां भरावयाची नाहीं, हें घरांतील लहानग्यानें मोठ्यांस समजावून सांगितलें, म्हणजे प्रयोग साधला असें मी समजेन.