लहान भाषेंतील समग्र प्लेटो

तत्त्वज्ञानाला मोठीच भाषा लागते काय, असा एक प्रश्न आज मी आपणांपुढें मांडणार आहें. त्याचें उत्तर आपण एका अनुवादकाच्या कार्यांत शोधूं.

आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्यें स्लोव्हेनिया हा चिमुकला देश आहे. त्याची लोकवस्ती सुमारें २१ लक्ष. त्या भाषेंतील पहिलें छापील पुस्तक प्रिमोझ त्रुबार यांनीं १५५० सालीं काढलें. परंतु लुब्लियाना येथें स्वतःचें विद्यापीठ उभें राहावयास १९१९ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत उच्च विचाराचा विद्यार्थी जर्मन भाषेकडे वळे. त्या विद्यापीठांतील आरंभींचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक फ्रान्त्से वेबेर हेहि ग्राझ येथें माइनोंग यांच्यापाशींच शिकले होते. पण परतल्यावर त्यांनीं आपले ग्रंथ स्वभाषेंत लिहिले. १९४५ नंतर नव्या राजवटीनें त्यांना अध्यापनापासून दूर केलें. १९७५ सालीं ते निवर्तले.

स्वभाषेंत विचार करण्याची ही परंपरा ज्यांनीं पुढें चालविली, त्यांत गोराझ्द कोत्सियान्चिच यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १९६४ सालचा, लुब्लियानाचा. ते तत्त्वचिंतक आहेत, तसेच कवीहि. १९९६ मध्यें निघालेल्या बायबलच्या नव्या भाषांतरांत त्यांचा हात होता. पण त्यांची खरी तपश्चर्या प्रगट झाली ती २००४ सालीं. प्लेटोचें समग्र लेखन त्यांनीं एकट्यानें स्लोव्हेन भाषेंत आणलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं त्यांचा देश युरोपीय संघांत सामील झाला. मोठ्या घरांत पाऊल टाकतांना लहान भाषेनें जणूं आपली शिदोरी बांधून घेतली!

एकट्यानें, या शब्दाचें महत्त्व ध्यानांत घ्यावें. ग्रीक भाषेंत ‘लोगोस’ हा एकच शब्द वाणी, युक्तिवाद, हिशेब आणि बुद्धि यांना पुरतो. दहा अनुवादक दहा प्रतिशब्द योजतील आणि विचाराचा धागा तुटेल. एकाच हातानें विणलें म्हणजे कोठें धागा राखावा आणि कोठें बदलावा, हें एकच मन ठरवितें.

आणखी एक मौज सांगतों. संस्कृताप्रमाणें प्राचीन ग्रीकांतहि द्विवचन होतें. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ संवादांत दोघे वितंडवादी बंधु जोडीनें वाद घालतात, आणि त्यांच्यासाठीं द्विवचन वारंवार येतें. इंग्रजीला तें दाखवितां येत नाहीं. आपल्या मराठीनेंहि तें केव्हांच टाकलें. स्लोव्हेन भाषेंत मात्र तें आजहि बाजारांत, घरांत नित्य बोललें जातें. जिला लहान म्हणून हिणवावें, तिच्याच घरीं हें जुनें धन सुखरूप होतें.

ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतार्थ मराठींत आणला, तेव्हां मराठीचें सामर्थ्य आधीं कोणीं मोजून ठेवलें नव्हतें. तें कार्यानेंच प्रगट झालें. आपली भाषा हें ओझें पेलेल काय, असें विचारीत बसणाऱ्यानें एकदां तें उचलून पाहावें. भाषेची उंची बोलणारांच्या संख्येनें ठरत नाहीं. तिच्यासाठीं आयुष्य वेंचणारांनीं ती ठरते.