दातांतले सिमेंट आणि डॉक्टरचा हात
(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



दातांच्या डॉक्टरीणबाई बोलणार म्हणजे आज लाडू मिळायचे नाहीत, असे मघाशी कोणीतरी कुजबुजले. भिऊ नका, गोड सोडा हे सांगायला मी उभी नाही. किडलेल्या दातात जे दाताच्याच रंगाचे सिमेंट भरतात, त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

ह्या सिमेंटला आम्ही कंपोझिट म्हणतो. काचेची अतिशय बारीक पूड आणि कृत्रिम राळ यांचे हे मिश्रण. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी 1962 साली ह्या राळेचे पेटंट घेतले. त्याआधी 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले होते की, दाताचा पृष्ठभाग सौम्यपणे आम्लाने खरखरीत केला तर अशी भर त्याला घट्ट धरते. माल चांगला खराच. पण तो भरावा कसा, यातच सारी मेख आहे. माझी स्वतःची चूक सांगते म्हणजे पटेल.

नव्याने दवाखाना थाटला त्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या काकू दाढ घेऊन आल्या. बाहेर माणसे खोळंबलेली. मी तो खोल खड्डा एकाच दमात भरला, निळा दिवा धरला, घासूनपुसून दिले. रंग असा जुळला की, मीच माझ्यावर खूष! काही महिन्यांनी कळले की, काकू त्या बाजूने चावतच नाहीत. गार पाण्याने झिणझिण, घास दाबला की कळ. "तू मन लावून केलंस, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं," म्हणाल्या. मला रडू कोसळायचेच बाकी राहिले.

सिमेंट काढून पाहिले तो वर टणक, तळाशी कच्चे, आणि एका कडेला फट. असे का व्हावे? आपल्यापैकी ज्यांनी भुई सारवली आहे त्यांना ठाऊक आहे, माती जाड थापली की सुकताना तडकते. कंपोझिटही कडक होताना आकसते, शंभरात साधारण दोन-तीन भाग. भिंतींना चिकटलेले असल्याने ते त्यांना ओढते, आणि जिथे पकड कमी तिथे सुटते. शिवाय दिव्याचा उजेड खोल जात नाही. म्हणून नेहमीचा माल दोन मिलिमीटरच्या आत-बाहेर, थराथराने भरायचा आणि प्रत्येक थरावर दिवा पुरेसा वेळ, अगदी जवळ धरायचा. थरांमुळे ताण किती कमी होतो, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तळ कच्चा राहू नये, यावर नाहीत. हल्ली चार मिलिमीटर एकदम भरता येणारा मालही निघाला आहे, पण सगळाच माल तसा नसतो.

दुसरा शत्रू लाळ. चिकटद्रव्य लावल्यावर थेंबभर लाळ लागली की पकड गेलीच. त्यासाठी दाताभोवती रबराचा पडदा बांधतात. ही युक्ती 1864 पासूनची, तरी कंटाळा करणारे आजही आहेत. आणि दोन दातांमधला खड्डा असेल तर पातळ पट्टी व पाचर लावून शेजारच्या दाताला नीट टेकेल असे भरावे लागते. नाहीतर पालेभाजीचा धागा रोज तिथेच अडकायचा!

तेव्हा डॉक्टर वेळ लावतात म्हणून कुरकुरू नका. पडद्याने गुदमरल्यासारखे वाटले तर हात वर करा, मात्र मध्येच बोलू नका. भरून झाल्यावर निळा कागद चावायला देतात, तेव्हा उंच लागत असेल तर तिथल्या तिथे सांगा. घरी गेल्यावर खुपले, तर भिडेखातर सोसत बसू नका, परत जा.

काकूंची दाढ मी पुन्हा थराथराने, पडदा बांधून भरली. पैसे अर्थातच घेतले नाहीत. हे सारे त्यांच्या परवानगीनेच सांगते आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्याच बाजूला मघाशी सुपारी सरकवलेली मी पाहिली आहे.