आर्थर रोडचा तुरुंग बदललाच पाहिजे
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



तुरुंगाचें नांव काढलें कीं आपण म्हणतों, "चोरांची उठाठेव आम्हांस कशाला?" पण आंत असतो कोण, तें आधीं पाहा. सरकारी मोजणीप्रमाणें 2022 च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत 5,73,220 माणसें होतीं. त्यांत शंभरांतले सुमारें 76 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा होता असे. पैसेवाल्यास जामीनदार शोधावा लागत नाहीं. बांधावरच्या मारामारींत सांपडलेला कुणबी किंवा पोटासाठीं मुंबईस गेलेला सुतार जामिनावांचून खितपत पडतो. त्याचा हंगाम जातो, बैल विकले जातात. मागाहून तो निर्दोष सुटला, तरी ते बैल त्यास कोण परत आणून देतो?

आतां मुंबईचा आर्थर रोडचा तुरुंग घ्या. सात रस्त्याजवळ तो 1925-26 च्या सुमारास बांधला. त्यांत 804 माणसें मावतात असें सरकारच पुष्कळ वर्षें म्हणत आलें. 2020 च्या आरंभीं आंत तीन हजारांहून अधिक होतीं. एकाच्या जागेंत जवळजवळ चार! 2016 च्या आदर्श तुरुंग नियमावलींत बराकींत दर माणशीं 3.71 चौरस मीटर, म्हणजे सुमारें चाळीस चौरस फूट जागा सांगितली आहे. हें माप धरून चौघांत वांटा. एकाच्या वांट्यास दहा येतात. सहा फूट लांब व तीन फूट रुंद घोंगडी अंथरली तर तिलाच अठरा लागतात. गोठ्यांतील जनावर आपण यापेक्षां मोकळें बांधतों. 2020 च्या मे महिन्यांत करोना आंत शिरला, तेव्हां कैदी व शिपाई मिळून शंभरावर लोकांस लागण झाली. आणि हे शिपाई तरी कोण? आपल्याच घरांतलीं पोरें.

गंमत पाहा. 2018 सालीं विजय मल्ल्या यांस इकडे पाठवावें कीं नाहीं, हें प्रकरण लंडनच्या कोर्टांत चाललें होतें. याच तुरुंगाच्या बारा नंबरच्या बराकींत उजेड किती येतो, हें पाहण्यासाठीं तेथील न्यायाधीशांनीं चित्रफीत मागविली, आणि सरकारनें ती पाठविली. त्यांनीं मागितली हें योग्यच झालें. पण आमचा विणकर ज्या बराकींत निजतो तिची चित्रफीत कोणीं मागविली?

कोणी म्हणतील, तुरुंग कठीण असावा, म्हणजे धाक राहतो. शिक्षा किती, हें न्यायाधीशानें ठरवावें. तें काम पडक्या भिंतीचें व तुंबलेल्या संडासाचें नव्हे. आणि ज्यास अजून शिक्षाच झाली नाहीं, त्यास कसला धाक दाखवितां?

म्हणून हा तुरुंग बदलावा. परंतु नुसत्या मोठ्या भिंती उभारल्या तर त्याही भरतील. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें 479 वें कलम ध्यानांत ठेवा. पूर्वीं कधींही गुन्हा शाबीत न झालेल्या माणसानें त्या गुन्ह्याच्या जास्तींत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आंत काढला, कीं त्यास बंधपत्रावर सोडावें, आणि तसा अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकानेंच कोर्टांत करावा, असें तें सांगतें. साध्या चोरीस तीन वर्षें धरा, तर एक वर्ष झालें. फांशीचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल, अथवा एकाहून अधिक खटले चालू असतील, तर ही सवलत नाहीं. कैदेंतील माणसास सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्यानें दिलेला आहे. जामिनाची रक्कम भरतां येत नसेल तर 2023 च्या केंद्र सरकारच्या योजनेंतून मदत मिळूं शकते. ती जिल्ह्याची समिती मंजूर करते. आपल्या गांवचा कोणी आंत असेल तर या तीन गोष्टी त्याच्या घरीं जाऊन सांगा.

मानखुर्दकडे नवा तुरुंग बांधण्याचें सरकारनें पूर्वींच बोलून दाखविलें आहे. तो बांधतांना भेटीस येणाऱ्या बायकापोरांस बसावयास सावली व प्यावयास पाणी असावें. कैद्यास तारखेस कोर्टांत वेळेवर नेण्याइतकीं वाहनें व शिपाई आधींच मंजूर करावे, नाहींतर तारखेवर तारीख पडत राहील. आणि ज्या दिवशीं नवा उघडेल, त्या दिवसापासून जुन्या बराकींत एकही माणूस निजवूं नये, हें सरकारकडून आधीं लिहून घ्यावें.