मागे पडणाऱ्या मुलाचं टायमिंग

आज शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

सहकाऱ्यांनो म्हणतोय, कारण येत्या जूनपासून तुमच्या गळ्यात शिट्टी असेल आणि समोर पन्नास-साठ मुलं रांगेत उभी असतील. त्या रांगेत कायम मागे पडणारा एक जण असतोच. मला आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे पंधराशे मीटर पळणारी सहा मुलं होती. सगळ्यांना सराव एकच. पहाटे साडेपाचला मैदान, दिवसाआड चारशेच्या फेऱ्या, रविवारी टेकडी. दिवाळीपर्यंत पाच जणांचं टायमिंग दहा-पंधरा सेकंदांनी खाली आलं. सहावा जूनमध्ये 5 मिनिटं 2 सेकंदांत पळत होता, दिवाळीला 5 मिनिटं 1 सेकंद. एका सकाळी सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "तू अंग चोरतोस." तो काहीच बोलला नाही. पायरीवर बसून त्यानं स्पाइक्समधली माती काडीनं कोरून काढली, ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले. शाळेचे होते ते. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही.

पुढे काही वर्षांनी 'हेरिटेज' या अभ्यासाचे निष्कर्ष माझ्या वाचनात आले. क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 98 कुटुंबांतल्या, व्यायामाची सवय नसलेल्या 481 जणांना वीस आठवडे सायकलवर एकाच पद्धतीचा सराव दिला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. सरासरी वाढ सुमारे 400 मिलिलिटर निघाली. पण काहींची वाढ एक लिटरच्या वर होती आणि काहींची जवळजवळ शून्य. एका घरातल्या माणसांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते. घराघरांतला फरक त्याच्या अडीचपट होता. सरावाला शरीर किती दाद देतं, यात आनुवंशिकतेचा वाटा 47 टक्क्यांपर्यंत असू शकतो, असा त्यांचा हिशेब. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो. त्या मुलानं अंग चोरलं नव्हतं. मी त्याच्यावर अन्याय केला होता.

शरीरं जन्मतःच वेगळी असतात, हे आपण मैदानावरच्या लोकांनी मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. फिनलंडचा ईरो मॅन्टीरँटा बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमधला मोठा खेळाडू. 1964 च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये त्यानं दोन वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन इतकं जास्त असायचं की लोक संशय घेत. 1993 मध्ये उलगडा झाला. तांबड्या पेशी बनवायचा निरोप ज्या जनुकामुळे शरीरात पोचतो, त्यातच त्याच्या घराण्यात बदल होता. त्यामुळे पेशी जास्त बनत आणि ऑक्सिजन जास्त वाहून नेला जाई. या घराण्यातल्या 97 जणांची तपासणी झाली, 29 जणांत तो बदल सापडला. आता यातली दुसरी बाजूही बघा. त्या 29 जणांपैकी बहुतेक जण ऑलिम्पिकच्या जवळपासही गेले नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतोय. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घ्यायचा आणि मूल धावपटू होणार का ते सांगायचं, असा धंदा आता आपल्या दारापर्यंत आला आहे. मागच्या वर्षी एक वडील असाच अहवाल घेऊन माझ्याकडे आले. "सर, पोरीत स्पीडचा जीन नाही म्हणतात. थांबवू का तिला?" मुलगी शेजारी उभी होती. वयानं अकरा, गुडघ्याला चुना लागलेला, नुकतीच शंभर मीटर पळून आलेली.

ज्याला 'स्पीडचा जीन' म्हणतात तो एसीटीएन 3. झपाट्यानं आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतलं एक प्रथिन त्याच्यामुळे तयार होतं. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं की अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंत हे प्रथिन नसलेला माणूस फारच विरळा. निष्कर्ष खरा आहे. पण जगात शंभर कोटींहून अधिक लोकांत हे प्रथिन नाही आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांत ते आहे. त्या सगळ्यांना काही पदकं मिळत नाहीत. वेग, दम, उंची, स्नायूबंधांची ताकद यांत शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. 2015 मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन लेखी सांगितलं की खेळाडू निवडायला या चाचण्यांचा आज काहीही उपयोग नाही. त्या वडिलांना मी एवढंच म्हणालो, अहवाल कपाटात ठेवा आणि पोरीला उद्या सकाळी पाठवा.

केनियाच्या धावपटूंबद्दलही 'त्यांच्या रक्तातच आहे' असं आपण सहज बोलतो. तिथल्या कालेंजिन लोकांच्या सडपातळ पोटऱ्यांचा आणि उंच पठारावरच्या हवेचा फायदा असेलही. त्यांना वेगळं करणारं एखादं जनुक मात्र शोधूनही सापडलेलं नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत 1998 पासून पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला ही साखळी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं तोडली. 8 मिनिटं 11.20 सेकंद. सुवर्ण केवळ 0.05 सेकंदानं हुकलं. आणि हा गडी स्टीपलचेसकडे वळला तो फौजेत भरती झाल्यावर.

सरावाला दाद न देणाऱ्या शरीरांचं काय करायचं, याचं एक उत्तर 2017 मध्ये झुरिचहून आलं. आठवड्याला एक ते तीन तास व्यायाम करून ज्यांच्यात काहीच फरक पडला नव्हता, त्यांना सहा आठवडे दर आठवड्याला दोन तासांनी जास्त व्यायाम दिला. सगळ्यांची क्षमता वाढली. चूक शरीराची नव्हती, मात्रा कमी पडत होती. माझ्या सहाव्या मुलाला कदाचित वेगळा सराव हवा होता, कदाचित जास्त, कदाचित पंधराशेऐवजी पाच हजार मीटर. मी त्याला शोधू दिलं नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना माझं मागणं आहे. जूनमध्ये एक वही करा आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं टायमिंग त्यात लिहा, शेवटून पहिल्या आलेल्याचंही. दिवाळीला त्याचा आकडा हलला नसेल तर त्याला चारचौघांत बोलू नका. बाजूला घ्या. पहाटे काय खाऊन येतो, रात्री किती झोपतो, ते विचारा. मग त्याचा सराव बदला आणि त्याला मैदानावर ठेवा.